जुन्या किट कारला रेडिएटर शोधायचा आणि बसवायचा कसा

इथे यूकेत पार्ट्सच्या दुकानात जाऊन 'डटन फेटनचा (ही एक जुनी किट कार) रेडिएटर द्या' म्हणालात तर काउंटरवरचा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. त्याची चूक नाही. वर्दिंगच्या कारखान्यातून यायची बॉडी नि चासी, बाकी इंजिन-गिअरबॉक्स वगैरे मालकाने जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून काढून बसवलेलं, आणि नंतरच्या प्रत्येक मालकाने त्यात आपापली अक्कल लावलेली, त्यामुळे दोन फेटन शेजारी उभ्या केल्या तरी रेडिएटर सारखाच निघेल असं अजिबात नाही. गाडीचं नाव विसरा, टेप काढा.

पण त्याआधी खरंच रेडिएटरच गेलाय का ते बघा. ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर बहुतेक पंख्याची भानगड आहे. उलट मोकळ्या रस्त्यावर, वेगात तापत असेल तर कोर, म्हणजे रेडिएटरचा मधला जाळीदार भाग, चोंदलाय किंवा हवा कोरमधून न जाता बाजूने पळतेय. गाळ, हिरवट डाग, कोरच्या पातळ पत्र्या हाताने चुरा होतायत, असं दिसलं की मग विषय संपला.

मोजायचं काय: नुसत्या कोरची उंची, रुंदी, जाडी, मग कोरच्या टोकांच्या टाक्या धरून पूर्ण माप, पाइपांचा बाहेरचा व्यास, कुठला पाइप कुठल्या बाजूला, आणि नोजकोनच्या (गाडीच्या पुढच्या नाकाच्या) आत पुढे-मागे किती जागा आहे ते. पंख्याची जाडी धरायला लोक हमखास विसरतात. मापाचा पुठ्ठा कापून आत बसवून बघा, बॉनेट लावा, मगच पैसे काढा.

जुना तांब्या-पितळेचा असेल आणि टाक्या धड असतील तर माझं मत, रीकोर करून घ्या, म्हणजे टाक्या त्याच ठेवून कोर नवा. आपल्याकडे कोपऱ्यावरचा रेडिएटरवाला करून देतो तसंच काम, इथे असे कारागीर कमी झालेत पण आहेत, आणि ब्रॅकेट-पाइप सगळं जागच्या जागी बसतं. दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे जुन्या मार्क टू फोक्सवॅगन पोलोचा, लोकॉस्टवाले (घरी स्वस्तात लोटस सेव्हनसारखी गाडी बांधणारे) सर्रास तोच वापरतात, लहान आहे, हलका आहे, नवा सहज मिळतो. फक्त त्यावर झाकण नसतं, टाकी वेगळी लावावी लागते. मापाप्रमाणे बनवलेला अॅल्युमिनियमचा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात महाग. स्टोनलीला मे महिन्यात किट कार शो भरतो, ब्यूलीला सप्टेंबरात जुन्या पार्ट्सचा बाजार, तिथे टेप खिशात ठेवूनच फिरा.

आता बसवताना. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उंची. सेव्हनसारख्या बुटक्या नाकाच्या गाडीत रेडिएटर इंजिनच्या हेडपेक्षा खाली जातो, मग हवा वर हेडमध्ये अडकते आणि तुम्ही रेडिएटरच्या तोंडातून कितीही पाणी ओता, काही उपयोग नाही. एक्स्पान्शन टाकी सगळ्यात उंच जागी, बल्कहेडवर (इंजिनमागच्या आडव्या भिंतीवर), आणि भरायचं झाकण तिथेच. थर्मोस्टॅटच्या पत्र्याला ३ मिमीचं भोक पाडलं तर हवा निघायला वाट मिळते. झाकण आधी जितक्या प्रेशरचं होतं तितक्याचंच लावा, जास्त पीएसआयने पाणी उशिरा उकळतं हे खरं पण म्हातारा हीटर आधी फुटतो.

रेडिएटर रबरी माउंटवर ठेवा, चासीला थेट आवळू नका, किट कारची चासी वळते आणि टाकीचा जोड तडकतो. अॅल्युमिनियमचा असेल तर पंख्याची अर्थ वायर त्याला चुकूनही जोडू नका, करंटने आतून खाऊन जातो. कोरमधून आरपार जाणारे ते प्लास्टिकचे टाय मला बिलकुल आवडत नाहीत, घासून ट्यूबला भोक पाडतात, पंख्याला पट्ट्यांची फ्रेम करा. जागा असेल तर पंखा मागे, ओढणारा. चालू करून कोरच्या पुढे कागद धरा, चिकटतो का उडतो ते बघा, वायर उलटी लागलेली असते कित्येकदा. रिले आणि वेगळा फ्यूज हवाच. कोर नि नोजकोन यांच्यातल्या फटी पत्रा आणि फोमने बंद करा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात आणि मग मोठा रेडिएटर शोधत बसतात, खरं तर निम्मी हवा बाजूनेच जात असते.

होज बसवताना पाइपाच्या टोकाला उठलेली कड आहे ना बघा, क्लिप तिच्या मागे. क्लिप चांगली घ्या, जुबिली कंपनीची १९२१ पासून आहे ती उगाच नाही.

कूलंट जुन्या लोखंडी इंजिनला आणि सोल्डरच्या रेडिएटरला साधं निळं ग्लायकॉलवालं, डीआयोनाइज्ड पाण्यात निम्मं-निम्मं, इथल्या थंडीला पुरून उरतं. भरताना हीटरचा व्हॉल्व्ह उघडा, नाक जॅकवर उचला, वरचा होज हाताने दाबत राहा म्हणजे बुडबुडे निघतील. इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, मग पंखा आपोआप लागतो का बघा. गरम असताना झाकणाला हात नाही. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पातळी परत बघा, थोडी उतरलेली असतेच, तेवढं भरा. आणि जमिनीवर सांडलेलं लगेच पुसा, चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विष आहे.