निसर्गफोटोचा क्रॉप आणि एडिटिंग दुसऱ्याकडून तपासून घेताना

‘कसा वाटला फोटो?’ असं विचारलं की ‘मस्त!’ किंवा एखादा अंगठा, यापलीकडे हाती काही लागत नाही. यात बघणाऱ्याचा दोष थोडाच. नेमकं काय बघायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, वर अर्धी माहितीही लपवलेली असते. क्रॉप (कडा कापून चौकट ठरवणं) आणि एडिटिंगवर कामाचा अभिप्राय हवा असेल तर थोडी तयारी फोटो दाखवण्याआधी करावी लागते आणि थोडं डोकं नंतर चालवावं लागतं. कारण लोकांना काय खटकलं ते बहुधा बरोबर असतं, पण त्यावर ते जो उपाय सांगतात तो बरेचदा चुकीचा असतो.

आधी स्वतः एकदा

एडिटिंग संपल्या संपल्या फोटो कुणाला पाठवू नका. तासभर एकाच फोटोकडे बघून डोळे त्या रंगांना सरावतात आणि हिरवा किती भडक झालाय ते कळेनासं होतं. मध्ये एक रात्र जाऊ द्या. सकाळी फाइल उघडताच जे टोचतं ते आधी दुरुस्त करून टाका. तुम्हाला आधीच दिसलेली चूक सांगण्यात दुसऱ्याचा वेळ कशाला घालवायचा?

मग फोटो आरशात दिसावा तसा डावीकडून उजवीकडे उलटा करून बघा. चौकटीचा तोल गेला असेल, क्षितिज कललं असेल तर लगेच जाणवतं. (नंतर सरळ करायला विसरू नका.) पुढे तो नखाएवढा लहान करा. तेवढ्यातही विषय ओळखू यायला हवा. शेवटी १०० टक्के मोठा करून डोळ्यावरचा फोकस, आकाशातले सेन्सरच्या धुळीचे ठिपके आणि फांद्यांच्या कडेने उमटलेल्या पांढऱ्या रेघा तपासा. चारही कडांवरून एकदा सावकाश नजर फिरवा. कोपऱ्यात घुसलेलं अर्धं पान किंवा उजळ डाग इथेच सापडतो.

स्क्रीनचीही शहानिशा हवी. ब्राइटनेस पूर्ण चढवून एडिट केलेला फोटो इतरांकडे काळपट दिसतो, कारण स्क्रीनच्या उजेडाला भुलून तुम्ही एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) कमी ठेवलेलं असतं. कॅलिब्रेशनचं (स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजून जुळवणारं) यंत्र असेल तर ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर उजेड, ६५०० केल्विन आणि गॅमा २.२ हे आकडे धरा. यंत्र नसेल तर ब्राइटनेस उतरवा आणि हिस्टोग्रामकडे (गडद ते उजळ भाग किती आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाकडे) जास्त लक्ष द्या. वेगवेगळ्या उपकरणांवर बघणारे तिघंही ‘अंधारलेला वाटतो’ म्हणाले, तर गडबड बहुतेक तुमच्या स्क्रीनची आहे.

काय पाठवायचं आणि कोणत्या क्रमाने

फक्त क्रॉप केलेला फोटो पाठवणं ही सर्रास होणारी चूक. बघणारा म्हणतो, ‘डावीकडे जरा जागा सोड’, आणि मूळ फ्रेम तिथेच संपलेली असते. म्हणून सोबत न कापलेली, न रंगवलेली मूळ फ्रेम द्यायचीच. पण ती नंतर. आधी तयार फोटो दाखवा, त्यावर काय म्हणायचं ते म्हणू द्या, मग मूळ उघडा. उलट क्रमाने दाखवलं तर माणूस फोटो बघतच नाही, ‘आधीपेक्षा किती सुधारला’ तेवढं बघतो.

फाइल एसआरजीबी रंगात (बहुतेक स्क्रीनवर चालणारी रंगांची पद्धत), जेपेग, लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ८५ च्या आसपास. अॅडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीत पाठवलेले फोटो, रंगांची प्रोफाइल न वाचणाऱ्या अॅपमध्ये फिके पडतात आणि मग ‘रंग उडालेत’ असा अभिप्राय येतो, जो तुमच्या एडिटिंगबद्दल नसतोच. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका. तिथे तो लहान होतो आणि दाबलाही जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शार्पनेसबद्दल विचारायचं असेल तर लहान केलेला फोटो कुचकामी आहे. लहान करताना बारीक थरथर आणि नॉईज (दाणेदारपणा) दोन्ही झाकले जातात. त्यासाठी डोळ्याभोवतीचा ८०० बाय ८०० पिक्सेलचा तुकडा १०० टक्के आकारात वेगळा जोडा. कॅमेऱ्याची सेटिंग (शटर स्पीड, अॅपर्चर, आयएसओ आणि फोकल लेंग्थ) ही कळू द्या. पंख हलला म्हणून धूसर आहे की फोकस चुकला म्हणून, हे ओळखायला त्याचा आधार लागतो. मात्र घरटं किंवा दुर्मिळ प्राणी असेल तर फाइलमधली जीपीएसची नोंद काढूनच पुढे पाठवा.

किती कापलंय तेही आकड्यात सांगा. २४ मेगापिक्सेलची फ्रेम ६००० बाय ४००० ची असते. लांबी-रुंदी निम्मी केली की ३००० बाय २००० उरतात, म्हणजे ६ मेगापिक्सेल. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) छापायचं तर २० इंच रुंद होऊ शकणारा फोटो १० इंचांवर येतो. तो पुन्हा आधीच्या २० इंचांएवढा मोठा करून बघितला तर नॉईज, थरथर, फोकसची चूक सगळं दुप्पट मोठं दिसतं. क्षितिज सरळ करण्यातही पिक्सेल जातात: ३:२ ची फ्रेम २ अंश फिरवली आणि प्रमाण तेच ठेवलं, तर प्रत्येक बाजू साधारण ५ टक्क्यांनी घटते. त्यामुळे ‘फारच नॉईज आहे’ असं कुणी म्हणालं तर नॉईजचा स्लायडर ओढण्याआधी क्रॉप थोडा सैल करून बघा. स्लायडर ओढला की पिसांचं मेण होतं.

प्रश्न कसा विचारायचा

पहिला प्रश्न नेहमी नजरेचा. फोटो तीन-चार सेकंद दाखवा, झाका आणि विचारा: नजर आधी कुठे गेली? मग कुठे? कुठे अडकली? उत्तर ‘पक्षी’ऐवजी ‘तो मागचा पांढरा ठिपका’ आलं, तर बाकी काही विचारायच्या आधी तो ठिपका हाताळायला हवा.

त्यानंतर नेमका प्रश्न, पण उत्तर सुचवणारा नको. ‘पाणी जास्त निळं झालंय का?’ असं विचारलं की समोरच्याला पाण्याशिवाय काही दिसत नाही. ‘रंगांत कुठे खटकतं का?’ एवढंच पुरतं. दोन पर्यायांतून निवडायला सांगत असाल तर त्यांना ‘जुना’ आणि ‘नवा’ म्हणू नका, ‘क’ आणि ‘ख’ म्हणा. दोन बघणाऱ्यांना दोन वेगळ्या क्रमाने दाखवा, आणि दोन्हींत एकच गोष्ट वेगळी ठेवा. क्रॉपही बदलला आणि उजेडही, तर मत कशाला पडलं ते कधीच कळणार नाही.

मजकूर एवढा पुरे: ‘क आणि ख मध्ये फक्त क्रॉप वेगळा आहे. कुठला बरा, आणि कशामुळे? खटकलेल्या जागेवर स्क्रीनशॉटमध्ये गोल करून पाठवलंस तर बरं. मूळ फ्रेम नंतर पाठवतो.’ गोल करायला सांगणं महत्त्वाचं आहे. शब्दांत ‘बॅकग्राउंड जरा ठीक नाही’ एवढंच येतं, गोल मात्र एका विशिष्ट पानाभोवती पडतो.

समोरासमोर बसला असाल तर पोस्टकार्डाएवढा प्रिंट आणि काटकोनात कापलेल्या दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या समोरच्याच्या हातात द्या. काही न बोलता त्याला चौकट सरकवू द्या. लोक बोलून दाखवतात त्यापेक्षा हाताने वेगळाच क्रॉप करतात, असं बरेचदा दिसतं.

विचारायचं तीन-चार जणांना, पंधरांना नव्हे. एक स्वतः एडिटिंग करणारा, एक त्या प्राण्या-पक्ष्याची माहिती असणारा आणि एक या दोन्हींशी संबंध नसलेला. मधल्याला लोक विसरतात. छोट्या खंड्याच्या मादीची खालची चोच नारिंगी असते, नराची चोच पूर्ण काळी. पोटाचा नारिंगी रंग आटोक्यात आणायला नारिंगीचा स्लायडर सगळ्या फोटोभर खाली ओढलात तर चोचही काळवंडते आणि मादीचा नर दिसू लागतो. हे फोटोग्राफरच्या नजरेतून सुटेल, पक्षी ओळखणारा पहिल्या फटक्यात पकडेल.

आलेल्या अभिप्रायाचं काय करायचं

‘अजून आत क्रॉप कर’ ही सूचना सगळ्यांत जास्त येते आणि सगळ्यांत जास्त फसवते. बहुतेक वेळा त्यामागे कडेला असलेली एखादी उजळ जागा असते, किंवा विषय मागच्या गर्दीत मिसळलेला असतो. आधी क्रॉप आहे तसाच ठेवून ती जागा अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) गडद करा आणि पुन्हा दाखवा. तक्रार गेली तर कापायची गरजच नव्हती, आणि परिसर दाखवणारी मोकळी चौकट वाचली.

‘कोंडल्यासारखं वाटतं’ म्हटलं की दोन ठिकाणी बघायचं. पक्षी ज्या दिशेला बघतोय तिकडे पाठीमागपेक्षा कमी जागा आहे का? की शेपटीचं टोक, पंखाचं टोक किंवा पाण्यातलं प्रतिबिंब कडेला जेमतेम टेकतंय? टेकलेलं सर्वांत वाईट दिसतं. एक तर स्पष्ट मोकळी जागा सोडा, नाहीतर ठामपणे कापा, आणि कापायचंच असेल तर सांध्यावर नको. हरणाचा पाय गुडघ्यावर किंवा खुराच्या वर तोडला की चूक झाल्यासारखं दिसतं. मांडीच्या मध्यावर कापलेला फोटो मुद्दाम जवळून काढल्यासारखा वाटतो.

‘रंग खोटे वाटतात’ यावर लोक सॅच्युरेशन कमी करतात, पण दोष बरेचदा दुसरीकडे असतो. झाडाखालच्या उजेडात पानांचा हिरवा रंग सगळ्यावर चढतो. तो काढायला व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे, फार ढकलला तर पिसं गुलाबी आणि पानं मळकी दिसतात. डीहेझ (धुकटपणा काढणारा स्लायडर) जरा जास्त झाला तरी रंग आपोआप गडद होतात आणि सावल्या निळसर पडतात. लाल फुलांचं प्रकरण निराळं: लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलपैकी एकट्या लालचा हिस्टोग्राम उजव्या भिंतीला आपटलेला असतो, म्हणून पाकळ्यांवरच्या शिरा पुसल्या जाऊन नुसता लाल गोळा उरतो. तिथे पूर्ण फोटोचं एक्स्पोजर न हलवता फक्त लालचं सॅच्युरेशन उतरवा.

‘कापून चिकटवल्यासारखा’ हे ऐकायला कडवट, पण फार उपयोगी वाक्य आहे. विषय निवडून मागचा भाग गडद केला की मास्कच्या (त्या निवडीच्या) कडेला, विशेषतः केसांच्या आणि पिसांच्या टोकांशी, उजळ किनार राहते. क्लॅरिटी (मधल्या छटांचा उठाव) आणि शार्पनिंग जास्त झालं तरी तशीच रेघ उमटते. मास्कची कड मऊ करा आणि गडदपणा निम्म्यावर आणा. किनार दिसत नसूनही तक्रार तीच असेल, तर शॅडो (गडद भाग) पूर्ण वर आणि हायलाइट (उजळ भाग) पूर्ण खाली ओढलेत का ते बघा. उजेड कुठल्या बाजूने येतोय हेच त्यामुळे हरवतं आणि प्राणी जागेवर बसल्यासारखा वाटत नाही.

‘पांढरं जळलंय’ हा शेरा बगळ्यांच्या फोटोंना ठरलेला. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलमध्ये) थोडंफार परत मिळतं. तिन्ही चॅनल भरले असतील तर मिळायला काहीच नसतं. तिथे हायलाइट ओढत राहिलात तर पांढऱ्याचा राखाडी डाग होतो, आणि तो जळलेल्या पांढऱ्यापेक्षा वाईट दिसतो.

दोघांचे उपाय एकमेकांविरुद्ध असतील तर गोंधळू नका. एक म्हणतो फांदी उजळ कर, दुसरा म्हणतो गडद कर. दोघांनी बोट ठेवलंय फांदीवरच, तेवढं घ्या आणि उपाय स्वतः शोधा. एकट्यानेच सुचवलेलं ‘चौकोनी करून बघ’ किंवा ‘ब्लॅक अँड व्हाइट छान दिसेल’ ही आवड झाली. एकदा करून बघा आणि नाही पटलं तर खुशाल सोडून द्या. मध्येच ‘तेव्हा उजेडच तसा होता’ असं समर्थन मात्र करू नका. समोरचा लगेच गप्प होतो.

स्पर्धेला पाठवायचा असेल तर

‘ती काडी काढून टाक’ ही सूचना नियम वाचल्याशिवाय अमलात आणू नका. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका, फिआप (छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी २०१४ मध्ये निसर्गफोटोची एक सामाईक व्याख्या ठरवली. तिचा गाभा असा: क्रॉप चालतो, उजेड आणि रंग नैसर्गिक वाटतील इतपत सुधारलेले चालतात, धुळीचे ठिपके आणि नॉईज काढता येतो, पण चौकटीतली वस्तू पुसणं, सरकवणं किंवा नवी घालणं चालत नाही. कमी पडलेली जागा एआयने वाढवून घेणंही यातच आलं. बऱ्याच स्पर्धा निवड झाल्यावर मूळ रॉ फाइल मागतात, तेव्हा ती जपून ठेवा.

दुसरी फेरी

प्रत्येक गंभीर सूचनेसाठी व्हर्च्युअल कॉपी (एडिटिंग सॉफ्टवेअरमधली एडिटची वेगळी प्रत) काढून तेवढा एकच बदल करा. मूळ एडिटला हात लावू नका. पटलेले बदल मग एका फाइलमध्ये आणा आणि ती एका नव्या माणसाला आणि आधीच्यांपैकी एकाला दाखवा. आधीचा माणूस आपली सूचना पाळली का तेच बघत असतो, म्हणून नव्याचं मत जास्त धरा. तिसरी फेरी सहसा वेळ खाते. दुसऱ्या फेरीतही तीच जागा खटकत असेल तर स्लायडर सोडा आणि त्याच बर्स्टमधल्या (सलग झटपट काढलेल्या फोटोंमधल्या) पुढच्या-मागच्या फ्रेम उघडा. पक्ष्याने मान थोडी वळवलेली किंवा चोच त्या फांदीपासून सुटी झालेली एखादी फ्रेम तिथे पडलेली असू शकते.