समुपदेशक व्हायचंय? सोलापुरातल्या मुलामुलींसाठी

मानसशास्त्राचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. "मॅडम, आता पुढं कुठला कोर्स करू?" मी उलट एकच विचारते : "कोर्समध्ये माणसांसमोर बसायला मिळणार आहे का, आणि बसून आल्यावर तुझं काम तपासणारं कुणी आहे का?" बहुतेकांनी फी विचारलेली असते, होस्टेल विचारलेलं असतं, हे विचारलेलं नसतं. समुपदेशक घडतो तो याच दोन गोष्टींत, म्हणून हा सगळा लेख त्याच अंगाने लिहिते आहे.

आधी वाटा नीट समजून घ्या, कारण घरचे तिन्ही एकच समजतात. सायकियाट्रिस्ट हा एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा तत्सम पदवी घेतलेला डॉक्टर, औषध तोच देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, आणि ती परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम केल्याशिवाय मिळत नाही. आजवर हा रस्ता दोन वर्षांच्या एम.फिल.चा होता. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचं ठरवल्यामुळे तिथे सध्या बदल चालू आहेत. तेव्हा सीनियरने सांगितलं म्हणून नव्हे, आरसीआयच्या संकेतस्थळावरची त्या वर्षाची मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः पाहूनच प्रवेश घ्या. तिसरी वाट समुपदेशकाची : मानसशास्त्रात एम.ए., शक्यतो समुपदेशन हा विशेष विषय घेऊन, किंवा एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून त्यावर समुपदेशनाचं वेगळं प्रशिक्षण. 2021 च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात समुपदेशकांचाही समावेश आहे. म्हणजे नोंदणी, किमान अभ्यासक्रम हे सगळं आपल्याकडेही येतंय, आणि अर्धवट कोर्सवाल्यांची पुढे अडचण होणार आहे.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. मानसशास्त्र करायचा सल्ला आजही जो तो देतो. पण त्याच कायद्याचा आधार घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. कुणी अजून तशी जाहिरात करत असेल तर पैसे भरू नका. लग्न झालेल्या, लहान मूल असलेल्या मुलींना हा निर्णय जड जातो हे मी रोज पाहते, आणि त्यांच्यासाठी जवळपास चांगली सोय व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. निर्णय मात्र मला पटतो. ऐकायला शिकणं पोस्टाने येत नाही.

आपलं विद्यापीठ, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर, 2004 चं आणि एकाच जिल्ह्यापुरतं. त्यामुळे विभागात जाऊन प्राध्यापकांना भेटणं अवघड नाही, केगावला सिटी बस जाते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत उपयोजित मानसशास्त्राचा एम.ए. आहे, प्रवेशाची चुरस मोठी. शाळेतच काम करायचं असेल तर एन.सी.ई.आर.टी.चा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम विचारात घ्या : काही भाग दूरशिक्षणाने, मग केंद्रावर राहून वर्ग, मग आपल्या गावी प्रत्यक्ष काम. आपल्याला भोपाळचं केंद्र सोयीचं. शिक्षक असलेल्यांना हा फार उपयोगी पडतो.

कुठेही अर्ज करण्याआधी विभागात जा आणि विचारा. प्रत्यक्ष काम कुठे करवून घेतात? सिव्हिलच्या मनोविकार विभागात, शाळेत, व्यसनमुक्ती केंद्रात, कौटुंबिक न्यायालयात, की "तुमचं तुम्ही बघा"? आठवड्याला सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी समुपदेशकाने तुमचं काम तपासणं, किती, गटात की एकट्याने? तुमच्या नोंदी वाचणारी व्यक्ती स्वतः अजून क्लायंट पाहते का? शेवटचा प्रश्न विचारायला मुलं संकोचतात. विचारा. चांगल्या प्राध्यापकांना तो आवडतो.

आता सुपरव्हिजनमध्ये नेमकं होतं काय, ते दाखवते. सत्र संपलं की झालेलं संभाषण आठवून जसंच्या तसं लिहायचं, तुमचं वाक्य, त्यांचं वाक्य, मधली शांतता. याला आम्ही व्हर्बेटिम म्हणतो. सरावातला एक तुकडा बघा. एक विद्यार्थिनी सोलापूरच्या पूर्व भागातली आई झाली आहे, दुसरी समुपदेशक.

आई म्हणते, "पोरगं बोलतच नाही ओ मॅडम. कामावरून आलं की वरच्या खोलीत. जेवायला पण खाली येत नाही."

समुपदेशक : "या वयात मुलं अशीच वागतात, काळजी करू नका."

आई : "हां. तसंच असेल बघा."

संपलं. पुढे दहा मिनिटं बोलणं चाललं, पण आई मनाने त्या वाक्यालाच उठून गेली होती. धीर द्यायची घाई समुपदेशकाला होती, आईला नव्हती. तोच तुकडा पुन्हा करून घेतला.

"तो वर जातो, तेव्हा तुम्ही काय करता?"

"जिन्यापाशी थांबते. पावलांचा आवाज येतो का ऐकते."

"आणि आवाज आला नाही तर?"

आता आई गप्प. इथे गप्पच राहायचं असतं, पाणीसुद्धा पुढे करायचं नाही. मग सरळ, साध्या शब्दांत विचारायचं : "तो जिवाचं काही बरंवाईट करेल अशी भीती वाटते का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर मुलाला स्वतः भेटणं, घरातली घातक साधनं दूर करणं, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणं, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आईच्या मोबाईलमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून देणं, हे सगळं ओघाने आलं. पण जिन्यापाशी थांबते हे वाक्य बाहेर आलंच नसतं तर यातलं काहीच झालं नसतं. कोर्स निवडताना हेच बघायचं, की असं वाक्यावाक्यावर कुणी थांबवणार आहे का.

सिद्धान्त वाचावे लागतातच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सपासून सुरुवात करा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती याबद्दल त्यांनी 1950 च्या दशकात जे मांडलं ते आजही पहिल्या सत्राचा पाया आहे. मग अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे त्रास देणारे अविवेकी विचार ओळखून बदलायला शिकवणारी. आपण यात नशीबवान आहोत : कि. मो. फडके यांनी ही पद्धत मराठीत आणली, रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेने तर मराठी माणसाला मनाच्या आरोग्याबद्दल मोकळेपणाने बोलायला लावलं. पुण्यातल्या एका दिवसाच्या कार्यशाळेला हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं, मुंबईसाठी रात्रीची सिद्धेश्वर आहे. कार्यशाळा जरूर करा. मात्र दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर पाटी लावू नका, कळकळीने सांगते. समोर येणारा माणूस पहिल्यांदाच तोंड उघडत असतो. तिथे चुकीचा माणूस भेटला तर तो दुसऱ्या दाराशी जात नाही.

भाषेचंही असंच. आपल्या गावात घरात तेलुगू, गल्लीत कन्नड किंवा दखनी, शाळेत मराठी. वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन परत जाताना डोकावणाऱ्या बाईला 'नैराश्य' म्हणून चालत नाही. ती म्हणते डोकं जड झालंय, जीव घाबरा होतोय, कशात मन नाही. तिचेच शब्द वहीत उतरवा आणि तिच्याशी बोलताना तेच वापरा. तेलुगूची दहा-वीस वाक्यं आली तरी खोलीतलं वातावरण बदलतं.

गोपनीयता पुस्तकात एक पान असते, सोलापुरात ती रोजची कसरत आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत क्लायंट कुटुंबासह समोर येणारच. पहिल्याच सत्रात सांगून ठेवा : "बाहेर भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर बोलेन." ओळखीतल्यांची, नात्यातल्यांची केस घेऊ नका, दुसरं नाव सुचवा. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गोपनीयतेचा हक्क देतो, पण तिला मर्यादा आहेत आणि त्या आधीच सांगाव्या लागतात. जिवाला धोका असेल तर आपण गप्प बसू शकत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "कुणालाच सांगणार नाही" असं वचन मुलांना कधीही देऊ नका.

प्रशिक्षणाच्या काळात स्वतः क्लायंट म्हणूनही बसा, शक्यतो दुसऱ्या गावातल्या समुपदेशकाकडे. आपल्या घरातलं दुखणं कुठल्या वाक्याला जागं होतं हे तिथे कळतं.

कामाची टंचाई नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. सरकारी रुग्णालयांतल्या एचआयव्ही तपासणी केंद्रांत समुपदेशक असतात, किशोरवयीनांच्या मैत्री क्लिनिकमध्ये असतात. पगार सुरुवातीला बेताचा आणि नेमणूक बहुधा कंत्राटी, हे घरी आधीच बोलून ठेवा.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा : तारीख, ठिकाण, किती तास, कशा प्रकारचं काम, सुपरव्हायझरची सही. क्लायंटचं नाव नको, फक्त क्रमांक. सही त्याच आठवड्यात घ्या. वर्षाने मागायला जाल तेव्हा सुपरव्हायझरची बदली झालेली असते, आणि मुलाखतीत विचारतात ते हेच.