फॅमिली राईड कशी निवडतात? या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं

थीम पार्कच्या नियोजन विभागात काम करते असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे दिवसभर रोलर कोस्टरमध्ये बसायचं?" दुसरा प्रश्न नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींचा. नवी राईड कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि या कामात शिरायचं कसं? हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी.

पार्कमध्ये माणसं एकेकटी फार कमी येतात, घोळक्याने येतात. आजी-आजोबा, आईबाबा, आठवीतला दादा, चार वर्षांची धाकटी. त्यांना दिवस एकत्र घालवायचा असतो. एक जण जरी राईडच्या दारातून परत फिरला, तरी त्याच्यासाठी आणखी कोणीतरी मागे थांबतंच. म्हणून 'ही राईड कोणाला आवडेल' याच्या आधी आम्ही विचारतो, 'ही आणली तर बाहेर कोण उभं राहणार?' या धंद्यात एक गोष्ट वारंवार ऐकायला मिळते. वॉल्ट डिस्नी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये बाकावर बसून मुलींना मेरी-गो-राउंडवर फिरताना बघायचा, आणि आईबापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा हवी हे त्याला तिथे सुचलं. पुढे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नीलँड उघडलं. सांगून सांगून ही गोष्ट गुळगुळीत झाली आहे, पण बाकावर कोण बसलंय ते बघायची सवय मात्र लावून घ्या.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वस्तू कुठली म्हणाल, तर दाराशी लावलेली उंचीची पट्टी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांत तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलांची मधली उंची ९६ सेंटिमीटरच्या आसपास आहे, चार वर्षांच्या मुलांची १०३, पाच वर्षांच्या मुलांची ११० आणि सात वर्षांच्या मुलांची साधारण १२१. आता मोठ्या कोस्टरची नेहमी दिसणारी अट घ्या: ४८ इंच, म्हणजे १२२ सेंटिमीटर. सात पूर्ण झालेल्या मुलांपैकीही निम्म्याहून जास्त त्यात बसत नाहीत. हीच अट ३८ इंचांची, म्हणजे साडेशहाण्णव सेंटिमीटरची असेल तर तीन-साडेतीन वर्षांची बरीच मुलं आत येतात. दहा इंचांचा फरक म्हणजे वयाची चार वर्षं! प्रत्यक्ष कामात मात्र तुमच्या पार्कला येणाऱ्या मुलांची उंची हाताशी हवी. जागतिक तक्ता हा आधार म्हणून ठीक, निर्णय त्याच्यावर घेऊ नये.

ही अट पार्क आपल्या मर्जीने खाली आणू शकत नाही. सीट, माणसाला धरून ठेवणारा बार आणि शरीरावर येणारा जोर यांचा हिशेब करून उत्पादक कंपनी किमान उंची ठरवते, आणि त्यामागे एएसटीएम या अमेरिकेतल्या मानक संस्थेचं एफ २२९१ किंवा युरोपातलं ईएन १३८१४ अशी मानकं असतात. पार्कला अट आणखी कडक करता येते, सैल करता येत नाही. त्यामुळे 'राईड आणू, उंचीचं नंतर बघू' असं बैठकीत कोणी म्हणालं तर तिथेच थांबवायचं.

कमी उंचीची अट म्हणजे मिळमिळीत राईड, हेही आता खरं राहिलेलं नाही. अमेरिकेतल्या डॉलीवूड पार्कने २०२३ मध्ये बिग बेअर माउंटन हे कोस्टर आणलं. ताशी ७७ किलोमीटर वेग, बाराशे मीटरहून लांब ट्रॅक, आणि अट फक्त ३९ इंच. ट्रॅक कुठेही उलटा होत नाही. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम या डिस्नी पार्कची सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन २०१४ ची, तिची अट ३८ इंच. दोन्ही व्हेकोमा या डच कंपनीच्या. नेदरलँड्सच्या एफ्टेलिंग पार्कने तर जुनं बॉबस्ले कोस्टर काढून २०२० मध्ये त्याच जागी मॅक्स अँड मॉरिट्झ ही दोन ट्रॅकची फॅमिली राईड बसवली. जुनी थरारक राईड गेली की चाहते हळहळतात, ते साहजिक आहे. नियोजनाच्या बाजूने बघणाऱ्याला मला तरी त्यात चूक काही दिसत नाही.

नवख्यांना मी पहिला अभ्यास देते तो असा. कुठल्याही एका पार्कची माहिती घ्या. उंचीच्या अटी सगळे पार्क जाहीर करतातच. आडवे कप्पे उंचीचे करा: ९० सेंटिमीटरखाली, ९० ते १००, १०० ते ११०, ११० ते १२०, त्यापुढे. उभे कप्पे तीव्रतेचे: शांत, मध्यम, जोरदार. आता एकेक राईड तिच्या जागी टाका. बहुतेक ठिकाणी दोन कोपरे गच्च भरतात. एका कोपऱ्यात बाळांच्या गोल फिरणाऱ्या राईड्स, दुसऱ्यात मोठे कोस्टर. मधला पट्टा ओस. म्हणजे चार ते सात वर्षांचं मूल बाळांच्या राईडला 'मी काय लहान आहे का' म्हणतं आणि मोठ्या राईडला पट्टीखाली अडकतं. हे मूल नाराज झालं तर पुढची कित्येक वर्षं येऊ शकणारं एक आख्खं कुटुंब पार्कच्या हातून जातं. रिकामा कप्पा सापडला की निम्मं काम झालं. कुठल्या कंपनीची कुठली राईड हा प्रश्न त्यानंतरचा.

पुढची पायरी सीटची. ही ब्रोशरमध्ये कळत नाही, प्लॅटफॉर्मवर उभं राहूनच कळते. समजा एका रांगेत दोन सीट आहेत आणि ठरावीक उंचीखालच्या मुलाशेजारी मोठं माणूस बसलंच पाहिजे असा नियम आहे. चौघांचं कुटुंब आलं की दोन-दोन, प्रश्न मिटला. आता एकटी आई दोन लहानग्यांना घेऊन आली. ती एकाशेजारी बसेल, दुसऱ्याचं काय? ऑपरेटर गोड बोलून नाही म्हणतो, आणि पाऊण तास रांगेत काढलेली तीन माणसं बाहेर पडतात. तीन किंवा चार सीटची रांग असती तर हा प्रसंग आलाच नसता.

तसंच लॅप बारचं, म्हणजे मांडीवर येणाऱ्या दांड्याचं. दोघांत मिळून एकच बार असेल तर तो मोठ्या माणसाच्या मांडीवर टेकून थांबतो, आणि शेजारच्या पोराच्या मांडीवर बोटं घालून मोजता येईल एवढी फट राहते. सुरक्षेच्या गणितात ती फट धरलेली असते, पण पोराला आपण सुटतोय असं वाटतं आणि आईचा अर्धा जीव त्याला धरून ठेवण्यात जातो. अशी आई पुन्हा रांगेत उभी राहत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र बार असेल तर थोडा जास्त खर्च झाला तरी मी त्याच बाजूने बोलते.

आता क्षमता. तासाला किती माणसं बसवता येतात, हा आकडा प्रत्येक प्रस्तावात ठळक छापलेला असतो आणि तो कागदावरचा असतो. वीस सीटची गाडी दर ७५ सेकंदांनी सुटली तर तासाला ४८ फेऱ्या, म्हणजे ९६० माणसं. फॅमिली राईडवर मात्र कोणाची चप्पल निघते, कोणाला उचलून बसवावं लागतं, कोणी ऐनवेळी रडून उतरतं. ७५ चे ९० सेकंद व्हायला वेळ लागत नाही. मग ४० फेऱ्या, ८०० माणसं. त्यात तिघांच्या कुटुंबांमुळे दर फेरीत तीन सीट रिकाम्या गेल्या की उरले ६८०. कागदावरच्या ९६० मधले २८० गेले, आणि यात बिघाड कुठलाच नाही. म्हणून प्रस्ताव मागवताना 'डिस्पॅच, म्हणजे गाडी सुटणं, किती सेकंदांनी धरलाय आणि सीट किती टक्के भरलेल्या धरल्यात' हे लेखी मागा. शक्य असेल तर तीच राईड दुसऱ्या पार्कमध्ये चालू असताना घड्याळ लावून मोजा. मी असा अख्खा दिवस स्टेशनसमोर बसून काढला आहे. इतकं कंटाळवाणं आणि इतकं उपयोगी काम दुसरं नाही.

या दुखण्यावरचा जुना उपाय म्हणजे गाड्या थांबवायच्याच नाहीत. डिस्नीलँडच्या १९६९ च्या हाँटेड मॅन्शनमध्ये गाड्यांची साखळी सतत सरकत असते आणि माणसं सरकत्या पट्ट्यावरून चढतात. आजींना तिथे थोडी घाई होते, पण गरज पडली तर पट्टा हळू करता येतो.

राईडचा जोर कसा जोखायचा? नवखे वेग आणि उंची बघतात. मी आधी बाजूचे हिसके बघते. सरळ उतारावरचा वेग मुलं मजेत घेतात, कडेवर आपटणारा हिसका आजोबांच्या मानेला लागतो. दुसरं, पुढे काय येतंय ते दिसतं का. दिसणारा उतार धाडसाचा वाटतो, न दिसणारा फसवणुकीचा. बऱ्याच मुलांचं हे आयुष्यातलं पहिलं कोस्टर असतं, आणि उतरल्या उतरल्या 'पुन्हा!' असं ऐकू आलं तर निवड जमली समजायचं.

न बसणाऱ्यांचाही विचार राईड निवडतानाच करावा लागतो, नंतर बाक टाकून भागत नाही. ट्रॅक रस्त्याच्या जवळून जातो का? खाली थांबलेल्या आजीला नातू हात हलवताना दिसतो का? सावली आहे का? आजीला बसायचंच असेल तर किती पायऱ्या चढाव्या लागतात, गाडीची कड ओलांडायला पाय किती उचलावा लागतो? आणि जिथे सगळ्यांना एकत्रच बसवायचं असेल तिथे डार्क राईडला, म्हणजे बंद इमारतीत देखाव्यांमधून गाडीने फिरवणाऱ्या राईडला, तोड नाही. छताखाली असल्याने ऊन-पाऊस आड येत नाही आणि उंचीची अट बहुधा नसते. नेम धरून गुण मिळवायच्या राईडमध्ये सहा वर्षांचा नातू आजोबांना हरवू शकतो. एफ्टेलिंगच्या २०१७ च्या सिम्बोलिका राईडमध्ये तर सुरुवातीलाच तीन वाटांपैकी एक निवडायची असते, त्यामुळे तेच कुटुंब दुसऱ्या वाटेसाठी परत रांग लावतं. डार्क राईडचा तोटा एकच: देखावे, पडदे, आवाज यांची देखभाल कधी संपत नाही, आणि खर्च मंजूर करताना ते कोणालाच आठवत नाही.

बैठकीत मुख्य झटापट मार्केटिंगशी होते. त्यांना 'सर्वांत उंच', 'सर्वांत वेगवान' असं फलकावर लिहायला काहीतरी हवं असतं, आणि फॅमिली राईडला असं बिरुद सहसा मिळत नाही. त्यांचंही चूक नाही, तिकिटं त्यांनाच विकायची असतात. अशा वेळी आवडीनिवडीवर वाद घालू नका, सर्वेक्षण टेबलावर ठेवा. त्यातला प्रश्न मात्र नीट हवा. 'तुम्हाला कशी राईड आवडेल' असं विचारलं की सगळे मोठ्ठं कोस्टर मागतात. 'आज तुमच्यापैकी कोण कुठल्या राईडला बसलं नाही, आणि का' असं विचारा. आईबाप आलटून पालटून बसण्याची सोय वापरणारी कुटुंबंही मोजा. ज्या राईडवर ती सोय जास्त वापरली जाते, तिथे घरं दुभंगतात. कार्टूनचं पात्र घ्यायचं का, यावरही तासन्‌तास जातात. माझं मत सरळ आहे: राईड वीस-पंचवीस वर्षं चालवायची असते, पात्राची चलती तेवढी टिकेल याची खात्री नसेल तर स्वतःची गोष्ट रचा.

या कामाला ठरावीक पदवी नाही. मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चर, संख्याशास्त्र, हॉटेल मॅनेजमेंट, नाटकाचं नेपथ्य, सगळीकडून लोक आलेले दिसतात. डिस्नीलँडची जागा सुचवणारा हॅरिसन प्राइस हा तर संशोधन संस्थेतला आकडेमोड करणारा माणूस होता. त्याने १९५३ मध्ये लोकसंख्या, हवामान, रस्ते तपासून अ‍ॅनाहाइमचं नाव पुढे केलं. नोकऱ्या तीन ठिकाणी असतात: पार्क, राईड बनवणाऱ्या कंपन्या आणि सल्लागार संस्था. सल्लागारांकडे आकडे शिकाल, कंपनीत यंत्र शिकाल. पण सुरुवात पार्कच्या ऑपरेशन्समध्ये, हंगामी का होईना, करावी असं मी सांगेन. उंचीची पट्टी हातात घेऊन रडणाऱ्या पोराला 'पुढच्या वर्षी ये हं' म्हणायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला तक्त्यातला रिकामा कप्पा समजावून सांगावा लागत नाही.

आयएएपीए या उद्योग संघटनेचं मोठं प्रदर्शन दर नोव्हेंबरमध्ये ऑर्लँडोला भरतं, युरोप आणि आशियातही भरतं. जायला जमलं तर सीटच्या नमुन्यांत स्वतः बसून बघा, बार ओढून बघा, मापं लिहून घ्या. नाही जमलं तरी अडत नाही. मुलाखतीला येताना वर सांगितलेला तक्ता एखाद्या खऱ्या पार्कसाठी भरून आणा, रिकामा कप्पा दाखवा आणि तिथे काय बसवाल, तासाला खरोखर किती माणसं बसतील, बाहेर कोण राहील हे एका पानात लिहा. तुम्ही सुचवलेली राईड आम्हाला पटली नाही तरी चालतं. ते पान बघून समोरचे प्रश्न विचारू लागतात आणि मुलाखत तिथूनच सुरू होते.