थंडीत खुराड्यातली गादी कोरडी ठेवा

रात्रीचा पारा शून्याखाली उतरायला लागला की कोंबड्या पाळणारा आधी खुराड्याच्या फटी बुजवायला धावतो. गोणपाट, प्लॅस्टिक, जुनी चादर, हाताला येईल ते कोंबतो. करतो काळजीपोटीच. पण सकाळी दार उघडलं की डोळ्यांना झोंबणारा वास येतो, आतल्या भिंतींवर पाणी ओघळलेलं असतं आणि एखाद्या कोंबडीच्या तुऱ्याचं टोक पांढरट पडलेलं दिसतं. तो हिमदंश असतो. पुढे ते टोक काळं पडून झडतं.

कोंबडीच्या शरीराचं तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पिसं फुगवून ती अंगाभोवती हवेचा थर धरून ठेवते. पूर्ण पिसं आलेली निरोगी कोंबडी कोरडी राहिली आणि तिला थेट वारा लागला नाही, तर ती कडाक्याची थंडी सहज काढते. तिला त्रास होतो तो ओलीचा. ताज्या विष्ठेत सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असतं, शिवाय रात्रभर श्वासातून वाफ निघत असते. बंद खुराड्यात ही वाफ जाणार कुठे? ती तुऱ्यावर आणि गळ्याखालच्या झालरीवर बसते आणि तिथेच गोठते. म्हणून थंडीची तयारी गादीपासून, म्हणजे खुराड्याच्या जमिनीवर पसरलेल्या सालपटं-तूस-काडाच्या थरापासून, आणि झरोक्यापासून सुरू करायची. हीटरचा विचार मागाहून.

गादीसाठी माझी पहिली पसंती रंध्यातून निघणाऱ्या लाकडी सालपटांना. ती ओल शोषतात, खालीवर केली की लवकर सुकतात आणि दडपून बसत नाहीत. करवतीचा बारीक भुसा मात्र वेगळा. तो उडतो, श्वासात जातो आणि लहान पिल्लं तो दाणे समजून खातात. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाची किंवा रसायन लावलेल्या फळ्यांची सालपटं नकोत. भाताचा तूस पाणी कमी शोषतो, पण मोकळा राहतो आणि पटकन वाळतो, त्यामुळे सालपटांत मिसळायला चांगला. गव्हाच्या काडाबद्दल थोडा गैरसमज आहे. पोकळ काडीत हवा राहते म्हणून ते उबदार असतं, हे खरं. पण काडीचा वरचा भाग गुळगुळीत, पाणी आत मुरत नाही, ते खाली साचतं आणि वरून कोरड्या दिसणाऱ्या काडाची खालून चटई होते. वापरायचंच असेल तर बोटाएवढे तुकडे करून, सालपटांबरोबर वापरा. शेंगांची टरफलं आणि वाळका चारा यांना बुरशी लवकर लागते. कुबट वास आला किंवा राखाडी भुकटी उडाली तर ते खुराड्यात नेऊच नका, त्या बुरशीने कोंबडीची फुप्फुसं धरतात. वाळू थंडीत गार पडते, ओली झाली तर गोठून दगड होते. उन्हाळ्यात ठीक.

गादी पद्धत थंडी पडण्याआधीच सुरू करा. जमिनीवर 10 ते 15 सेंटिमीटरचा थर द्या आणि विष्ठा वाढेल तशी वर पातळ भर टाकत जा. हिवाळा संपेपर्यंत थर 25 ते 30 सेंटिमीटर होतो. खालच्या थरात जिवाणू काम करू लागतात आणि विष्ठा हळूहळू कुजते. यातून थोडी ऊब मिळते, पण ती शेकोटीसारखी असेल ही अपेक्षा ठेवू नका. गार जमीन आणि कोंबडीचे पाय यांच्यामध्ये जाड, कोरडा थर राहतो, हा खरा फायदा. संध्याकाळी मूठभर अख्खे दाणे गादीवर भिरकावा. कोंबड्या उकरतात आणि गादी आपोआप खालीवर होते. बसायच्या दांडीखाली मात्र शिट जमून खपली धरते, तिथे दोन-तीन दिवसांनी दाताळं फिरवावंच लागतं.

ओल ओळखायला मूठभर गादी घट्ट दाबून हात उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, तेवढा भाग काढून कोरडा माल टाका. किंचित चिकटून भुगा झाला तर बरोबर. अजिबात न चिकटता धूळ उडाली तर फार सुकली आहे. वासासाठी उकिडवे बसून, कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्या. उभ्याने अमोनिया कळत नाही आणि रोज जाणाऱ्याच्या नाकाला तो सवयीचा होतो, म्हणून कधीतरी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे 25 भाग झाले की कोंबड्यांच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा होऊ लागते. वास आल्यावर वरून चुना भुरभुरवू नका. चुन्याने ओल्या गादीतला अमोनिया उलट जास्त सुटतो.

झरोके छताजवळ, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या बरेच वर हवेत, आणि हिवाळ्यातही उघडे. फटी बुजवायच्या त्या कोंबडीच्या अंगाच्या उंचीवरच्या. दांडी लाकडाचीच घ्या, 5 ते 9 सेंटिमीटर रुंद, सपाट बाजू वर. म्हणजे बसल्यावर पोटाची पिसं बोटांवर येतात. लोखंडी नळी बोटं गोठवते.

पाण्याचं भांडं पाठीच्या उंचीला ठेवा, सांडणं कमी होईल. रात्री ते बाहेर काढलं तरी चालतं, अंधारात कोंबड्या पीत नाहीत. सकाळी मात्र उजाडताच कोमट पाणी द्या. पाणी गोठलं तर त्या खातही नाहीत, आणि थंडीत त्यांना खाद्य जास्त लागतं. अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा, गोठून तडकतात. सुक्या गादीवर उष्णतेचा दिवा टांगू नका. खुराड्याला आग लागण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

हिवाळा सरला की सगळी गादी काढून ढीग घाला. ताजी गादी पिकाला थेट घातली तर मुळं जळतात, काही महिने कुजू द्या. कळपात रोगराई नसेल तर खालचा एक-दोन घमेली कोरडा माल बाजूला ठेवा आणि पुढच्या गादीच्या तळाशी पसरा. जिवाणूंना नव्याने सुरुवात करावी लागत नाही.