धर्मांबद्दल शिकवताना वहीचं पान दुमडून बघा

मुलांना वेगवेगळ्या धर्मांची माहिती दिली की ती पाठ करून मोकळी होतात, डोक्यात आधीपासून बसलेलं असतं ते तसंच राहतं. मी सातवीच्या मुलांसोबत हे करते आणि खरंच फरक पडतो.

१. एखाद्या धर्माच्या प्रार्थनास्थळाला भेट द्यायच्या आदल्या दिवशी पानाच्या डाव्या अर्ध्यात ‘मला काय वाटतं’ एवढंच लिहायचं आणि ती बाजू दुमडून टाकायची.

२. तिथे गेल्यावर उजव्या बाजूला फक्त दिसलेलं, ऐकलेलं, आलेला वास. छान, पवित्र, विचित्र हे शब्द बंद. यावर अडून राहा, म्हणजे बांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला गेलात तर ‘लोकांची श्रद्धा आहे’ असं नाही, तर हातापायाच्या, घराच्या आकाराच्या मेणबत्त्या आणि त्या घेणाऱ्यांत टिकली लावलेल्या बायकासुद्धा, असं लिहायचं.

३. घरी घडी उघडून दोन्ही बाजू वाचायच्या, खाली एकच प्रश्न लिहायचा. आठवड्याने दुसऱ्या रंगाच्या पेनाने त्याचं उत्तर.

मुंबईत काळा घोडा भागातलं १८८४ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, यासाठी मस्त आहे, आधी फोन करून विचारून घ्या. अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही, पण बाहेरून बघूनही पान भरतं आणि ‘आत का नाही?’ हा प्रश्न मुलं स्वतःच लिहितात.

फक्त एक, या वहीला मार्क देऊ नका, मार्क आले की मुलं टीचरला आवडेल तेच लिहितात. आणि मुलाला विचारल्याशिवाय त्याचं पान वर्गात वाचू नका.