इंदूरला नवीन आलात आणि कोर्स लावायचाय?

जळगाव-अकोल्याकडून दरवर्षी कुणी ना कुणी इथे येतं आणि पहिला प्रश्न हाच, ताई कोणता कोर्स लावू. माझं एकच म्हणणं, ज्या कोर्समधे खरं काम हातात देतात तोच लावा.

मी 2018 ला आले तेव्हा बीकॉम झालेलं. तीन महिन्यांचा टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटीचा क्लास लावला, डिस्काउंट आहे म्हणून सगळी फी पहिल्याच दिवशी भरली. दीड महिन्यात शिकवणारे सर सोडून गेले, पुढे नुसत्या झेरॉक्स मिळाल्या आणि पैसे काही परत आले नाहीत. म्हणून सांगते, फी हप्त्यानेच भरा आणि पावती घ्या.

नंतर सियागंजमधे, म्हणजे इथल्या घाऊक बाजारात, एका व्यापाऱ्याकडे इंटरव्ह्यूला गेले, तर शेठजींनी बिलांचा गठ्ठाच पुढ्यात ठेवला, म्हणे एंट्री करके दिखाओ. पहिलंच बिल अकोल्याच्या पार्टीचं आणि मी सवयीने राज्यातल्या राज्यात लागणारे सीजीएसटी-एसजीएसटी टाकून मोकळी! जीएसटी नंबर 27 ने सुरू म्हणजे महाराष्ट्र, आपला 23 म्हणजे मध्यप्रदेश, माल बाहेरच्या राज्यातून आला तर आयजीएसटी लागतो, हे सगळं वाचलेलं होतं हो, पण खरं बिल कधी हातातच घेतलं नव्हतं. ती नोकरी गेली. मग एका टॅक्सवाल्यांकडे दोन महिने संध्याकाळी जाऊन खऱ्या बिलांच्या एंट्र्या केल्या, त्यावरच पुढची नोकरी लागली. आता तर जीएसटीआर-टूबीशी (माल विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) खरेदी जुळवता येते का हे पण विचारतात, तेव्हा क्लासमधे हे करून घेतात का ते आधीच विचारा.

मशीनकडे जायचं असेल तर सांवेर रोडला इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्र सरकारची, तिथे सीएनसी (कम्प्युटरवर चालणारी मशीन), कॅड-कॅम (कम्प्युटरवर डिझाइन आणि त्यावरून मशीनकाम) यांचे छोटे कोर्स होतात. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात धरून 0.02 मिलीमीटरपर्यंत माप घेता आलं पाहिजे, ते व्हिडिओ बघून येत नाही. आणि पीथमपूरला, म्हणजे इंदूरजवळच्या कारखान्यांच्या भागात, नोकरी करायची असेल तर खोली राऊ-राजेंद्रनगरकडे बघा, सगळे जातात म्हणून भंवरकुआला, त्या क्लासेसच्या भागात, नको.

पैसे कमी असतील तर एनपीटेलचे ऑनलाइन कोर्स आहेत, आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, शिकायला फुकट, सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेचे हजार रुपये, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते. दर आठवड्याच्या असाइनमेंटचे 25 टक्के धरतात, त्या बुडवू नका. मध्यप्रदेश सरकारच्या सीखो-कमाओ योजनेत शिकताना पैसे मिळतात हे खरं आहे, पण तिला इथलं मूल निवासी, म्हणजे इथले रहिवासी असल्याचा दाखला, लागतं, त्यामुळे नवीन आलेल्यांनी तिच्या भरवशावर बसू नये.

फी भरायच्या आधी एका संध्याकाळी चालू बॅच बघायला जा, एका कम्प्युटरवर किती जण बसतात ते मोजा. आणि तिथल्या मुलांना जिन्यात गाठून विचारा, सर रोज येतात का.