पडलेला पक्का दात वाचवायचा, तर मुळाला हात लावू नका

मूल नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर पडलं किंवा रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरलं, आणि समोरचा दात मुळासकट बाहेर आला, तर आधी तो दुधाचा की पक्का ते बघा. दुधाचा परत बसवायचा नाही; खालच्या पक्क्या दाताच्या अंकुराला इजा होते. मूल बेशुद्ध पडलं किंवा उलट्या करायला लागलं, तर दात राहू द्या, आधी हॉस्पिटल गाठा.

पक्का दात मात्र ताबडतोब उचला, तोंडात दिसतो त्या पांढऱ्या भागाला धरून. माझ्या दवाखान्यात पालक असा दात बहुतेकदा रुमालात गुंडाळून, नळाखाली घासून स्वच्छ करून आणतात. काळजीपोटीच करतात, पण जे वाचवायचं तेच त्यात निघून जातं.

मुळावर एक ओलसर, गुलाबीसर पदर असतो. तो तयार होतो असा: दात जबड्यात घडत असताना त्याच्याभोवती एक मऊ पिशवी असते, डेंटल फॉलिकल. तिच्यातल्या काही पेशी मुळावर सिमेंटमचा, म्हणजे मुळाच्या कठीण आवरणाचा, थर चढवतात, काही भोवतीचं हाड घडवतात, काही या दोघांना जोडणारे तंतू विणतात. ही पिशवी किती महत्त्वाची, हे १९८०च्या दशकात कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दिसलं: फॉलिकल जागेवर ठेवून आतल्या दाताऐवजी धातूची प्रतिकृती ठेवली, तरी ती दातासारखी वर आली! मला हे आजही थक्क करतं.

तंतूंचा तो पदर, पेरिओडॉन्टल लिगामेंट, जाडीला जेमतेम पाव मिलिमीटर. दात निखळताना तो फाटतो. थोडा मुळावर राहतो, थोडा खळग्यात. मुळावरच्या पेशी जिवंत असल्या तर पुन्हा सांधा जमतो. त्या मेल्या तर हाड थेट मुळाला चिकटतं आणि हळूहळू मुळाची जागा घेतं.

म्हणून माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये काही सेकंद हलकेच खळबळा. घासू नका, पुसू नका. जमलं तर दात तिथल्या तिथे खळग्यात सरळ बसवा आणि मुलाला स्वच्छ रुमाल दातांत धरायला सांगा. धीर होत नसेल तर जवळच्या डेअरीतून थंड दुधाची पिशवी घ्या आणि स्वच्छ डब्यात दात दुधात बुडवून आणा. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात, पण कोरडा ठेवण्यापेक्षा तेही बरं. कोरड्यात तासाभरात पेशी संपतात. दुधात असेल तर द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी आशा राहते. उशीर झाला म्हणून दात फेकू मात्र नका, घेऊन याच.

पुढे आम्ही साधारण दोन आठवडे तो शेजारच्या दातांना लवचिक तारेने बांधतो. मूळ पूर्ण वाढलेलं असेल तर त्याच काळात रूट कॅनॉल सुरू करतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं तेही विचारतो, म्हणून लसीकरणाचं कार्ड सोबत आणा.